जुन्या लाकडी नौकेचं इंजिन आणि गिअरबॉक्स बदलायचाय, काय बसवावं?

सुवर्णदुर्ग
नमस्कार मंडळी. हर्णैला आमची ४२ फुटी लाकडी नौका आहे. मुख्य धंदा गिलनेटचा (पाण्यात उभं सोडायचं जाळं), थंडीत कोळंबी लागली की ट्रॉलही (बोटीमागे ओढायचं जाळं) ओढतो. इंजिन लेलँडचं ३७०, प्लेटवर १८०० आरपीएमला ९० एचपी. गिअरबॉक्स ३:१ चा, पंखा (प्रोपेलर) ३२ बाय २२, म्हणजे व्यास ३२ इंच आणि पिच २२ इंच, तीन पात्यांचा. क्रँक आता आणखी घासायला जागा उरलेली नाही आणि लायनर बसतात तिथे ब्लॉक पाण्याने खाल्लाय. गिअरबॉक्स थंड असेपर्यंत ठीक चालतो, तेल तापलं की पुढचा क्लच घसरायला लागतो. म्हणून दोन्ही एकदम बदलायचं ठरवलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यातच काम उरकायला हवं.

वडील म्हणतात, होतं तेच इंजिन रिकंडिशन केलेलं आणा आणि गिअरबॉक्स नवा घ्या. धाकट्या भावाला एकाने ट्रकचं टर्बो इंजिन मरीन करून द्यायचं कबूल केलंय, २५०० आरपीएमला १५० एचपी. जुना गिअरबॉक्स दुरुस्त करून त्यालाच जोडता येईल असं तो म्हणतो. तिसरा मार्ग म्हणजे कारखान्यातूनच मरीन म्हणून आलेलं नवं इंजिन, १८०० आरपीएमला १२० च्या आसपास, गिअरबॉक्ससकट. ते सगळ्यात महाग पडतं.

मला मनातून वाटतं की नुसती एचपी वाढवून बोट पळणार नाही. पण घरात ते आकड्यांनी पटवून देता येत नाहीये. कोणी हिशेब समजावून सांगेल का?

करंजाचा_नाखवा
१५० घ्या, डोळे झाकून. आजकाल ९० वर कोण धंदा करतं? बाजूच्या बोटी आधी बंदरात पोहोचतात, लिलावात पहिला भाव त्यांना मिळतो. आपण मागून गेलो की उरलेला भाव.

वाचनमात्र
विषयातलं काही कळत नाही, पण धागा वाचतोय. पॉपकॉर्नऐवजी सुकट घेऊन बसलोय.

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
सुवर्णदुर्गभाऊ, आधी दोन गोष्टी सांगा. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) किती इंची आणि कशाचा? आणि शाफ्टच्या मध्यापासून वर बुडापर्यंत जागा किती आहे? ही मापं हातात आल्याशिवाय कोणतंही इंजिन सुचवणार नाही.

नाखवा, तुमच्या बोटीचं बूड वेगळं, त्यांचं वेगळं. डोळे झाकून घ्यायला ते मीठ नाही.

सुवर्णदुर्ग
शाफ्ट दोन इंची, स्टेनलेसचा. जागा मोजून सांगतो, बोट अजून पाण्यात आहे.

अनघा_कोची
मी कोचीला नौकाबांधणी शिकले, आता इथेच काम करते. हिशेब मांडते, घरी दाखवता येईल.

पहिली गोष्ट वेगाची. तुमची बोट पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जात नाही. अशा बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. ४२ फुटी बोटीची पाण्यातली लांबी ३८ धरली तर उत्तर ८.३ नॉट येतं. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर चढायला बघते आणि शक्ती कितीही ओतली तरी वेग जेमतेम हलतो. तुम्ही आत्ता साडेसात-आठला पोहोचत असाल, म्हणजे भिंतीच्या जवळच आहात.

दुसरी गोष्ट पंख्याची. १८०० भागिले ३ म्हणजे शाफ्ट ६०० आरपीएमने फिरतो. २२ इंच पिचचा, म्हणजे एका फेरीत २२ इंच पुढे सरकणारा पंखा, पाण्यात घसरण नसती तर १०.९ नॉटने पुढे गेला असता. ३० टक्के घसरण धरा, ७.६ नॉट. तुमच्या बोटीला जुळणारा आकडा आहे. ज्याने हा पंखा निवडला त्याने तो विचार करूनच निवडलाय.

आता त्याच पंख्याला, त्याच ३:१ गिअरबॉक्सवर, २५०० चं इंजिन जोडा. शाफ्ट ८३३ ने फिरायला हवा. पंखा लागणारी शक्ती वेगाच्या घनाने मागतो. ६०० ला ९० एचपी, तर ८३३ ला साधारण २४० एचपी. इंजिनात आहेत १५०. मग ते २१०० च्या वर जाणारच नाही, पूर्ण थ्रॉटल देऊनही तिथेच अडकेल, काळा धूर ओकेल आणि तापेल. टर्बो इंजिन असं दाबून चालवलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन आधी जातात.

म्हणून पहिला प्रश्न किती एचपी हा नाही. बूड काय मागतं, मग पंखा, मग गिअरबॉक्सचा रेशो, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. दुकानात आपण नेमका उलटा क्रम लावतो.

वाचनमात्र
अनघाताई, _/\_. मलाही कळलं म्हणजे बघा.

करंजाचा_नाखवा
ताई, कागदावर सगळं बरोबर. पण वादळ आलं की कागद काय कामाचा? हर्णैला बोटी उघड्या समुद्रात नांगरलेल्या असतात. वारा फिरला की सगळ्यांना आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं असतं. तेव्हा जोर लागतो. समोरून वारा आणि लाट असताना ९० एचपी बोटीला जागेवरून हलवत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अनघा_कोची
नाखवा, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते हिशेबात घ्यायलाच हवं. समोरून वारा-लाट असताना बोट हळू चालते, पंखा जास्त घसरतो, आणि त्याच आरपीएमला इंजिनाकडे जास्त जोर मागतो. ट्रॉल ओढतानाही तेच होतं. ९० चं इंजिन शांत पाण्यात पंख्याला पुरतं, पण जाळं मागे लागलं की १८०० वरून १५००–१६०० वर बसतं आणि धूर काढतं. सुवर्णदुर्ग, तुमच्याकडे असंच होत असणार.

त्यामुळे राखीव जोर हवाच. पण तो त्याच १८०० आरपीएमवर मिळाला पाहिजे, म्हणजे पंख्यापर्यंत पोहोचेल. १८०० ला १२० एचपी देणाऱ्या इंजिनावर हाच पंखा आणि हाच रेशो ठेवला तर शांत पाण्यात ते ९० च देईल. उरलेले ३० एचपी जाळं ओढताना आणि वाऱ्यात कामी येतील. १५० ला २५०० आरपीएमवर तो जोर मिळतो, आणि तिथवर ते इंजिन या पंख्यावर पोहोचतच नाही.

सुवर्णदुर्ग
हो ताई, तंतोतंत. ट्रॉल ओढताना १५५० वर बसतं आणि मागे काळा पट्टा. आम्हाला वाटायचं की इंजिन म्हातारं झालं म्हणून.

मालवणचो_खाजो
भावा, माझा आयकशीत तर इंजिनाची घाई करू नको. आधी बोट वर काढ आणि इंजिनाच्या खालचा लाकूड बघ. हातोडीन ठोकून बघ. खणखणीत आवाज इलो तर बरा, भद आवाज इलो तर ता लाकूड गेला समज. बेड कुजलेलो असलो तर नवीन इंजिन घालून काय उपयोग? आमच्याकडे एकान नवीन कोरा इंजिन घातल्यान आणि थोड्याच दिवसांत अलाइनमेंट गेला, गिअरबॉक्सचा सील फुटला. खाली बघतत तर बोल्टाच्या भोवती लाकडाचो नुसतो भुसो.

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
खाजोबांना पूर्ण अनुमोदन. पंधरा टक्के पैसे बेडसाठी बाजूला काढूनच बोलणी सुरू करा.

आता ट्रकच्या इंजिनाबद्दल, कारण हा प्रश्न वर्षातून दहा जण विचारतात. ट्रकचं इंजिन बोटीत चालत नाही असं नाही. लेलँड काय, टाटा काय, किनाऱ्यावर कितीतरी बोटींत तीच चालतात. पण मरीन केलं म्हणजे नेमकं काय केलं हे विकणाऱ्याला एकेक करून विचारा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाण्याच्या जॅकेटचा बसवलाय का? साधा ठेवला तर इंजिन खोली भट्टी होते आणि लाकडी बोटीत ती आगीची सोय असते. हीट एक्स्चेंजर (इंजिनातलं गोडं पाणी खाऱ्या पाण्याने बाहेरून थंड करणारा) आहे का, की खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलंय? थेट फिरवलं असेल तर तुमच्या आत्ताच्या ब्लॉकचं जे झालं तेच होणार. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) कोणत्या तिरपाईसाठी आहे? बोटीत इंजिन मागे झुकलेलं असतं, ट्रकच्या सम्पमध्ये तेल एका टोकाला जातं आणि लाटेवर पंपाला हवा लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा गव्हर्नर. ट्रकच्या पंपावर बऱ्याचदा असा गव्हर्नर असतो की तो फक्त आयडल आणि सगळ्यात वरचा वेग सांभाळतो. मधला वेग ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. बोटीत तो पाय नाही. लाटेवर मागचा भाग उचलला, पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन एकदम पळतं, पंखा परत पाण्यात आपटला की धाडकन बसतं. गिअरबॉक्सचे क्लच आणि कपलिंगचे रबर यानेच मरतात. बोटीला प्रत्येक वेगावर पकड ठेवणारा गव्हर्नर हवा. पंप बदलून, कॅलिब्रेशन करूनच इंजिन घ्या.

चीफसाहेब
सेवानिवृत्त मरीन इंजिनिअर. मिस्त्रींनी इंजिनाचं सांगितलं, मी गिअरबॉक्सबद्दल लिहितो, कारण लोक इंजिनावर महिनाभर चर्चा करतात आणि गिअरबॉक्स जो मिळेल तो उचलतात.

गिअरबॉक्सच्या कागदावर किलोवॅट प्रति आरपीएम असा आकडा असतो, कधी ०.०३, कधी ०.०५, कधी ०.१०. तोच त्याचा खरा ताकदीचा आकडा. तुमच्या जुन्या इंजिनाचं बघा: ९० एचपी म्हणजे ६७ किलोवॅट, भागिले १८००, ०.०३७. भावाचं १५० चं इंजिन: ११२ किलोवॅट भागिले २५००, ०.०४५. आणि १२० चं: साधारण ९० किलोवॅट भागिले १८००, ०.०५. जुना गिअरबॉक्स बहुधा ०.०३७ च्या आसपासचाच असणार. दोन्ही नव्या इंजिनांसाठी तो कमी पडतो, आणि त्याचा क्लच आधीच घसरतोय. तेव्हा जुना दुरुस्त करून १५० ला जोडू असं जो म्हणतो, त्याने हा आकडा पाहिलेला नाही. ट्रॉल ओढणाऱ्या बोटीसाठी मी निदान २५ टक्के वर धरायला सांगेन. म्हणजे ०.०६ पेक्षा मोठा.

आपल्याकडे चिनी अॅडव्हान्सचे गिअरबॉक्स सर्रास दिसतात, काही बोटींत ट्विन डिस्क, झेडएफ. नाव कोणतंही असो, तीन गोष्टी तपासा. हव्या त्या रेशोलाही तो आकडा लागू आहे का, कारण एकाच मॉडेलमध्ये रेशो वाढला की क्षमता कमी होत जाते. इनपुटला जास्तीत जास्त किती आरपीएम चालतात. आणि इंजिनाच्या बेलहाउसिंगचा (गिअरबॉक्स जोडतात त्या मागच्या कवचाचा) एसएई नंबर, म्हणजे ठरावीक मापाचा क्रमांक, गिअरबॉक्सच्या नंबराशी जुळतो का. नाही जुळला तर अडॅप्टर करावा लागतो आणि लेथवर केलेला अडॅप्टर मध्यावर बसला नाही तर सगळी साखळी बिघडते.

मांडवीकाठ
चीफसाहेबांच्या यादीत एक जोडतो. गोव्यात मालीमच्या जेटीवर आमचा ट्रॉलर लागतो. गिअरबॉक्स बदलताना आम्हाला सर्वात त्रास झाला तो ऑफसेटचा. रिडक्शन गिअरबॉक्समध्ये आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट एका रेषेत नसतात, एक खाली असतो. नव्या गिअरबॉक्सचा हा फरक जुन्यापेक्षा वेगळा निघाला. मग इंजिन वर उचलावं लागलं, बेडवर नवं लाकूड चढवलं, एक्झॉस्टची नळी कापली, वरच्या फळीला खाच मारावी लागली. ऑर्डर देण्याआधी ड्रॉइंग मागा आणि जमिनीवर खडूने रेषा मारून पाहा.

दुसरं, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन मिळालं तरी मी घेणार नाही. खारी हवा, पाण्याचे शिंतोडे, आणि तीस मैलांवर एका सेन्सरसाठी बोट उभी. साधा यांत्रिक पंप कोणत्याही बंदरात उघडता येतो.

सिअॅटलकर
इथे माझी छोटी शिडाची बोट आहे, मासेमारीशी संबंध नाही, पण इंजिन बदलण्याच्या वाटेने मीही गेलोय. अमेरिकेतल्या जुन्या शिडाच्या बोटींत अॅटॉमिक फोर नावाचं पेट्रोल इंजिन घराघरांत, म्हणजे बोटीबोटींत. युनिव्हर्सल कंपनीने ते १९४७ ते १९८५ बनवलं. पेट्रोलची वाफ बुडाशी साचते, म्हणून सुरू करण्याआधी हवा काढणारा पंखा (ब्लोअर) लावून इंजिन खोली मोकळी करावी लागते. माझ्या बोटीत त्याच जागी छोटं डिझेल बसवलं. त्या जुन्या इंजिनाच्या बेडवर जसंच्या तसं बसेल अशा पायांची नवी इंजिनं इथे मिळतात, त्यामुळे लाकडाला हात लावावा लागला नाही.

पण शाफ्टचा वेग बदलला म्हणून पंखा बदलावाच लागला. अनघा म्हणतायत ते इथेही लागू आहे. मांडवीकाठ, यांत्रिक पंपाबद्दल तुमच्याशी सहमत.

वाचनमात्र
विषय निघालाच आहे तर विचारतो, आपल्याकडच्या मासेमारी बोटींत इंजिनं आली कधी?

चीफसाहेब
एकच तारीख नाही. पण मोठी ढकल दिली ती भारत-नॉर्वे प्रकल्पाने. १९५२ साली नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकऱ्याला काम सुरू झालं. छोट्या बोटींत आत बसवलेली डिझेल इंजिनं, सुधारित बूड, बर्फाचे कारखाने. पुढे यांत्रिक बोटी आणि ट्रॉलिंग सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. डिझेलच्या खर्चाबद्दल विचार करणंही नवं नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने २०१६ मध्ये सागर हरिता ही इंधन वाचवणारी नौका उतरवली, तिच्यातही बूड आणि पंखा सुधारून इंजिन लहान ठेवायचाच विचार होता. आता मूळ विषयाकडे वळूया.

हिशेबनीस
डिझेलचं मी सांगतो, कारण शेवटी घरात भांडण त्यावरच होतं. चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन एका किलोवॅट-तासाला साधारण पाव लिटर पितं. ९० एचपी पूर्ण भारावर तासाला १७ लिटर, १५० एचपी पूर्ण भारावर २८ लिटर. मधल्या ११ लिटरला बोट किती जास्त पळते? अनघाताईंच्या भिंतीमुळे जेमतेम अर्धा-पाऊण नॉट.

उलट बाजूने पाहा. ८ ऐवजी ७ नॉटने घरी आलात तर शक्ती दोन तृतीयांशच लागते, आणि त्याच अंतराला डिझेल जवळजवळ पाव कमी. येताना घाई नसेल त्या दिवशी थ्रॉटल थोडा मागे घ्या.

कागदांचंही बोलून ठेवतो. इंजिन बदललं की नोंदणीत इंजिन नंबर आणि एचपी बदलून घ्यावी लागते, विम्यातही. परताव्याच्या (कर परत मिळणाऱ्या) डिझेलसाठी मच्छीमार सोसायटीकडे जाणारे कागद आणि बोटीतलं इंजिन यांचा मेळ बसलाच पाहिजे. एचपी वाढवताय तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला भेटा आणि मगच आगाऊ रक्कम द्या. ट्रकचं जुनं इंजिन असेल तर त्याच्या मालकीचे कागद मागा, नाहीतर इंजिन नंबर नोंदवताना अडकाल.

करंजाचा_नाखवा
हिशेबनीस, अर्धा नॉटही लिलावात मोजला जातो हो. सहा तास चाललो तर तीन मैल पुढे. पण ११ लिटर तासाला हा आकडा मी असा मांडून पाहिला नव्हता, हे खरं. आमच्या बोटीचं बूड लांब आणि बारीक आहे म्हणून तिला जमतं, हेही मान्य करतो. ४२ फुटीला मी १२० च्या खाली जाऊ देणार नाही, एवढं मात्र ठाम.

सुवर्णदुर्ग
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ओहोटीला बोट आडवी पडली तेव्हा मापं घेतली. शाफ्टच्या मध्यापासून वर बुडापर्यंत २० इंच. शाफ्ट ३०४ स्टेनलेसचा, दोन इंची. ग्लँडजवळ (शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील) थोडा झिजलाय, नखाला खाच लागते.

वडिलांना अनघाताईंचा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, हे मी इतकी वर्षं हाताने ओळखत होतो, कोणीतरी लिहून दिलं. भाऊ अजून गप्प आहे. त्याचा प्रश्न असा की १२० घेतलं तर पंखा मोठा का लावू नये, म्हणजे सगळी ताकद वापरली जाईल.

अनघा_कोची
भावाचा प्रश्न अगदी योग्य आहे. ६०० आरपीएमला ९० एचपीसाठी पंख्याचा व्यास ३३ च्या आसपास यायला हवा, तुमचा ३२ आहे. १२० साठी ३५-३६ येतो. पण जागा २० इंच. आत्ता पंख्याच्या टोकापासून बुडापर्यंत ४ इंच मोकळे आहेत, म्हणजे व्यासाच्या साडेबारा टक्के. एवढे हवेतच. ३६ चा बसवला तर दोनच इंच उरतील, प्रत्येक पातं बुडाखालून जाताना पाणी ठोकेल आणि जुन्या लाकडी बोटीची सांधणी त्या थरथरीने सुटेल.

त्याऐवजी व्यास ३२ च ठेवून चार पात्यांचा पंखा, किंवा थोड्या रुंद पात्यांचा, करता येतो. ट्रॉल ओढायला त्याचा फायदा होतो. पण माझा सल्ला असा की पहिल्या हंगामात आहे तोच पंखा ठेवा. इंजिन किती भार घेतं ते पाहून मग ठरवा. पंखा नंतर बदलता येतो, इंजिन नाही.

शाफ्टबद्दल: १२० एचपी ६०० आरपीएमला, कामाच्या बोटीची सुरक्षितता धरून, ३०४ चा शाफ्ट बरोबर दोन इंच लागतो. तुमचा काठावर आहे आणि शिवाय झिजलाय. तो बदलायलाच हवा. स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो ती) जागा असेल तर सव्वादोन इंची करा. मग पंख्याचा भोक आणि टेपरही त्यानुसार करून घ्यावा लागेल, हे खर्चात धरा.

मालवणचो_खाजो
ताईन एकदम बराबर सांगल्यान. शाफ्ट काढतस तेव्हाच बेअरिंग नवीन घाल. आणि जस्ताचे तुकडे ईसरू नको, नायतर पितळेचो पंखो खाऱ्या पाण्यात गुलाबी पडता आणि मगे बिस्किटासारखो मोडता.

सुवर्णदुर्ग
लाकूड ठोकून पाहिलं. उजवीकडचा बेड मागच्या टोकाला गेलाय, फूट-दीड फूट. सुतार म्हणतो पूर्ण लांबीचा सागाचा नवा घालू, जोड देऊ नको.

घरात ठरलं. १८०० आरपीएमचं १२० एचपी, यांत्रिक पंप, हीट एक्स्चेंजर, कारखान्यातूनच मरीन. गिअरबॉक्स ३ च्या आसपासच्या रेशोचा, ०.०६ पेक्षा मोठा. पंखा तोच. शाफ्ट सव्वादोन इंची. भावानेच फोन करून १५० वाल्याला नाही सांगितलं. वडिलांना रिकंडिशनच स्वस्त पडलं असतं असं अजून वाटतं, पण ब्लॉक खाल्लेलाच मिळाला तर काय, यावर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. कोटेशन मागवताना काय काय लिहून घेऊ?

मिरकरवाड्याचा_मिस्त्री
उत्तम. कोटेशनमध्ये इंजिनाचं रेटिंग लिहून घ्या, सतत चालण्यासाठीचं. तेच इंजिन सहलीच्या बोटीसाठी जास्त एचपीचं म्हणून विकतात आणि मासेमारीसाठी कमी. तुमचे १२० सततच्या रेटिंगचे हवेत. इंजिन आणि गिअरबॉक्समधलं रबरी कपलिंग, गिअरबॉक्सचा ऑइल कूलर, समुद्राच्या पाण्याचा पंप, पॅनेल आणि वायरिंग, पाय, आणि समुद्रावर येऊन ट्रायल देणं, हे सगळं त्यात आहे की वेगळं, ते स्पष्ट करून घ्या. स्वस्त कोटेशनमधून हेच गायब असतं. आंजर्ल्याच्या खाडीत गाळ फार, तेव्हा समुद्राच्या पाण्याचे गाळणे दोन बसवा, एक साफ करताना दुसरा चालू राहील.

बसवताना अलाइनमेंट दोनदा. किनाऱ्यावर कच्चं, आणि बोट पाण्यात काही दिवस राहिल्यावर पक्कं. लाकडी बोट पाण्यात आकार बदलते. कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. सहा इंची फ्लँज असेल तर फरक सहा हजारांश इंचाच्या आत, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. मिस्त्री म्हणाला डोळ्याला बरोबर दिसतंय, तर त्याला गेज दाखवा.

ट्रायलला पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाने १८०० गाठले पाहिजेत. बर्फ, पाणी, डिझेल भरून बघा, रिकाम्या बोटीची ट्रायल फसवते. मग जाळं टाकून बघा.

सुवर्णदुर्ग
नोंद केली. एक शेवटची शंका. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका बोटीने आमची बोट ओढून आणली तेव्हापासून जुना गिअरबॉक्स आवाज करायला लागला, तोवर ठीक होता. नव्याचं तसं होऊ नये म्हणून काय करायचं?

चीफसाहेब
तुमचं इंजिन तेव्हा बंद होतं, बरोबर? पाण्याच्या जोराने पंखा फिरतो, तो गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट फिरवतो, पण तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. म्हणजे बेअरिंग आणि गिअर तेलाविना फिरत राहतात. बऱ्याच गिअरबॉक्सना हे चालत नाही. नव्याच्या पुस्तकात याची मर्यादा दिलेली असेल, ती वाचा. तोवर सरळ उपाय: बोट ओढून न्यायची वेळ आली की आधी शाफ्ट जाड दोरीने कपलिंगपाशी बांधून टाका, आणि इंजिन सुरू करण्याआधी ती दोरी सोडली का हे एका माणसाच्या जबाबदारीवर सोपवा. तांडेलाच्याच (नौकेच्या प्रमुखाच्या).